पन्नास वर्षं अडकलेली शिफारस: एका जखमी मरीनच्या पदकासाठी केलेला कायदा

अमेरिकी काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, कधी कधी एकाच माणसासाठी कायदा करते. कलम एकच आणि मजकूरही जेमतेम परिच्छेदभर. २०१८ च्या जानेवारीत असाच एक कायदा झाला. तो मरीन कोअर या अमेरिकी नौदल खात्यातल्या लढाऊ दलाचे (त्यातल्या सैनिकाला मरीन म्हणतात) निवृत्त सार्जंट मेजर जॉन कॅनली यांच्यासाठी होता. नाव कायद्यातच छापलेलं असल्यामुळे ते इथे दिलं आहे. त्यांच्या कंपनीतल्या, म्हणजे लष्करी तुकडीतल्या, ज्या जुन्या शिपायाने हे प्रकरण तडीला नेलं, त्याचं आणि इतर साक्षीदारांचं नाव मुद्दाम घेतलेलं नाही.

मला हे प्रकरण लढाईपेक्षा फायलीसाठी जास्त महत्त्वाचं वाटतं. कॅनली शूर होते याबद्दल पन्नास वर्षांत कुणी शंका घेतली नाही. तरीही कागद हलत नव्हता. का, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

पार्श्वभूमी

कॅनली मूळचे आर्कन्सॉचे. १९५३ मध्ये मरीन कोअरमध्ये भरती झाले तेव्हा वय पंधरा, म्हणून भरतीला थोरल्या भावाची कागदपत्रं नेली होती. ज्या माणसाला पुढे कागदांनी इतकं रखडवलं, त्याची नोकरीच उसन्या कागदांवर सुरू झाली होती.

१९६८ मध्ये ते पहिल्या मरीन रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनमध्ये, अल्फा कंपनीचे गनरी सार्जंट होते. मरीन लोक या हुद्द्याला नुसतं 'गनी' म्हणतात. दारूगोळा, पाणी, शिस्त, पहारा असं कंपनीचं रोजचं सगळं त्याच्याकडे असतं. ३० आणि ३१ जानेवारीच्या रात्री व्हिएतनाममध्ये टेट आक्रमण (उत्तर व्हिएतनामी बाजूने अनेक शहरांवर एकदम केलेला हल्ला) सुरू झालं आणि ह्युए शहराचा बराचसा भाग उत्तर व्हिएतनामी सैन्याच्या हाती गेला. शहरातल्या अमेरिकी सल्लागारांच्या तळाला वेढा पडला. तो सोडवायला फू बाईच्या तळावरून अल्फा कंपनी ट्रकांत बसून एक नंबरच्या हमरस्त्याने निघाली.

रस्त्यातच मारा सुरू झाला. कॅनली जखमी झाले आणि त्याच अवस्थेत गोळीबारातून धावत जाऊन पडलेल्या मरीनना उचलून आणत राहिले. मग कंपनीचे कॅप्टन गंभीर जखमी झाले. कंपनीची सूत्रं गनीने हातात घेतली आणि तिला शहरात नेलं. पुढचे तीन दिवस कंपनीचा कमांडर हा गनरी सार्जंटच होता.

४ फेब्रुवारीला शत्रूच्या ताब्यातल्या एका इमारतीत ते काही मरीन घेऊन शिरले. शत्रू कुठून मारतोय ते कळत नव्हतं, म्हणून गोळ्या आपल्याकडे वळाव्यात यासाठी ते स्वतः उघड्यावर आले. जागा कळली, ती मोडून काढली आणि मग एकेक खोली ताब्यात घेत पुढे सरकले. शेवटी मोर्च्याच्या वरच्या बाजूला पोहोचून त्यांनी स्फोटकांची थैली खाली टाकली, तेव्हा शत्रू मागे हटला. ६ फेब्रुवारीला एका इस्पितळाच्या आवारात चकमक झाली. मध्ये भिंत होती, पलीकडे जखमी मरीन पडले होते. शत्रूला स्पष्ट दिसत असताना कॅनली भिंतीवर चढले, पलीकडे उतरले आणि एका जखमीला घेऊन आले. मग पुन्हा चढले. त्यांनी वीसहून अधिक मरीनचे प्राण वाचवले, असं नंतर नोंदवलं गेलं.

याबद्दल त्यांना नेव्ही क्रॉस मिळाला. १९८१ मध्ये २८ वर्षांची नोकरी करून सार्जंट मेजर म्हणून ते निवृत्त झाले.

पेच

नेव्ही क्रॉस हे काही लहान पदक नाही. मरीनसाठी त्याच्या वर एकच पदक आहे, मेडल ऑफ ऑनर. पण नेव्ही क्रॉसची कायद्यातली व्याख्या मोठी मजेशीर आहे: असामान्य शौर्य, पण मेडल ऑफ ऑनर देण्याइतकं नव्हे. म्हणजे १९६८ च्या त्या आठवड्याबद्दल नेव्ही क्रॉस देताना सरकारने एक मतही नोंदवून ठेवलं होतं. ते मत बदलायचं, हा पहिला पेच.

दुसरा पेच मुदतीचा. मेडल ऑफ ऑनरला कायद्याने मुदत आहे. घटनेपासून तीन वर्षांत शिफारस दाखल व्हायला हवी आणि पाच वर्षांत पदक द्यायला हवं. ही अट सहज उडवून लावण्यासारखी नाही. युद्ध संपून वीस-तीस वर्षांनी जो तो आपल्या मित्रासाठी अर्ज करू लागला आणि आठवणींना फोडणी मिळत गेली, तर पदकाची किंमत उरणार नाही. पण कॅनलींच्या बाबतीत ती मुदत १९७३ मध्येच संपली. त्यानंतर संरक्षणमंत्री राजी असले, राष्ट्राध्यक्ष राजी असले, तरी पदक देण्याचा अधिकारच कुणाला उरला नव्हता.

आणि मुदतीत शिफारस का गेली नाही? इथे थोडं थांबायला हवं. शिफारस साधारणपणे वरिष्ठ अधिकारी लिहितो, पाहणाऱ्यांची निवेदनं जोडतो. जो कॅप्टन लिहू शकला असता, तो पहिल्याच दिवशी स्ट्रेचरवर गेला. त्यानंतर गनी जे करत होता ते पाहणारे बहुतेक एकोणीस-वीस वर्षांचे प्रायव्हेट आणि लान्स कॉर्पोरल, म्हणजे खालच्या हुद्द्यांचे शिपाई. त्यातले किती मेले, किती जखमी होऊन मायदेशी गेले. उरलेल्यांपैकी कुणालाही शिफारस कशी लिहितात हे ठाऊक असायचं कारण नव्हतं.

याच कंपनीत त्याच आठवड्यात याच्या उलटही घडलं. सार्जंट अल्फ्रेडो गोन्झालेस एका प्लॅटूनचं नेतृत्व करत होते. ४ फेब्रुवारीला ते मारले गेले. त्यांना १९६९ मध्ये मरणोत्तर मेडल ऑफ ऑनर मिळालं, आणि पुढे एका विनाशिकेला त्यांचं नाव देण्यात आलं. एका कंपनीतल्या दोन सार्जंटांपैकी एकाची फाईल दोन वर्षांच्या आत पूर्ण झाली, दुसऱ्याची पन्नास वर्षं झाली नाही.

कॅनली कृष्णवर्णीय होते, हेही इथे सांगायला हवं. व्हिएतनाम युद्धातल्या पाच कृष्णवर्णीय मरीनना मेडल ऑफ ऑनर मिळालं होतं. पाचही मरणोत्तर, आणि पाचही जणांनी सोबत्यांना वाचवण्यासाठी हातबॉम्बचा स्फोट आपल्या अंगावर घेतला होता. यावरून कॅनलींना वर्णामुळे डावललं असा निष्कर्ष मी काढणार नाही. पण जिवंत राहिलेल्या एकाही कृष्णवर्णीय मरीनच्या गळ्यात ते पदक पडलं नव्हतं, हे खरं आहे.

समोरचे पर्याय

एकविसावं शतक उजाडल्यावर त्यांच्या कंपनीतला एक जुना शिपाई या कामाला लागला. आपल्या गनीला मेडल ऑफ ऑनर मिळालेलं नाही, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. त्याच्यापुढे चार वाटा होत्या.

पहिली वाट म्हणजे गप्प बसणं. हा पर्याय मी उगाच घातलेला नाही, कारण खुद्द कॅनलींचा कल त्याच बाजूला होता. स्वतःच्या पदकासाठी खटपट करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आपण जे केलं ते गनीचं कामच होतं, कौतुक व्हायचं तर त्या पोरांचं व्हावं, अशी त्यांची भूमिका. ज्याच्यासाठी लढायचं तोच माणूस 'राहू दे रे' म्हणत असेल तर पुढे जावं का? त्या शिपायाने ठरवलं, जावं. मला ते पटतं, कारण मागणी त्याची स्वतःची होती. ज्यांना उचलून आणलं त्यांच्यापैकी कुणी बोलत असेल, तर उचलणाऱ्याच्या संकोचाला किती मान द्यायचा यालाही मर्यादा आहे.

दुसरी वाट अभिलेख दुरुस्ती मंडळाची (सैनिकांच्या नोंदींतल्या चुका हे मंडळ दुरुस्त करतं) आणि तिथे जमलं नाही तर कोर्टाची. दुसऱ्या महायुद्धातले लेफ्टनंट गार्लिन कॉनर यांच्या पत्नीने ही वाट धरली होती. मुदतीच्या मुद्द्यावर २०१४ मध्ये त्या न्यायालयात हरल्या, मग तडजोडीने प्रकरण पुन्हा मंडळापुढे गेलं आणि २०१८ मध्ये पदक त्यांच्या हाती आलं. तोवर कॉनर यांना जाऊन वीस वर्षं झाली होती. ऐंशीकडे निघालेल्या माणसासाठी ही वाट धरणं म्हणजे जुगारच.

तिसरी वाट सामूहिक पुनर्विचाराची. दुसऱ्या महायुद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या फायली पुन्हा उघडल्या गेल्या आणि जानेवारी १९९७ मध्ये सात जणांना हे पदक मिळालं. त्या सातांतले व्हर्नन बेकर एकटेच हयात होते. काँग्रेसने सांगितलेल्या अशाच दुसऱ्या तपासणीतून मार्च २०१४ मध्ये एकाच समारंभात चोवीस पदकं दिली गेली. यात एक सोय असते: शोधाशोध सरकार करतं, एकट्या शिपायाला दारोदार फिरावं लागत नाही. पण कुणाच्या फायली उघडायच्या हे लष्कर किंवा काँग्रेस ठरवते, आणि तसा आदेश येईपर्यंत वाट पाहत बसावं लागतं.

चौथी वाट खासदाराची. संघीय कायद्याच्या दहाव्या खंडात ११३० क्रमांकाचं कलम आहे. खासदाराने लेखी मागणी केली, तर मुदत उलटलेल्या प्रस्तावाचीही संबंधित खात्याला गुणवत्तेवर तपासणी करावी लागते. मुदत गेली या एका कारणावर प्रस्ताव परत पाठवता येत नाही. पण तपासणीत प्रस्ताव उत्तीर्ण झाला, तरी मेडल ऑफ ऑनरसाठी मुदतीचं कुलूप तसंच राहतं. ते काढायला स्वतंत्र कायदा लागतो.

(जखमी सैनिकाला मिळणाऱ्या पर्पल हार्टला अशी मुदतच नाही. जखमेचा दाखला इस्पितळाच्या कागदांत सापडतो. शौर्याचा दाखला पाहणाऱ्याच्या डोक्यात असतो, आणि ती डोकी म्हातारी होत जातात. आपल्याकडे परमवीर किंवा वीर चक्रासाठी संसदेला कायदा करावा लागत नाही, राष्ट्रपतींच्या आदेशाने ती मिळतात. त्यामुळे एका माणसाच्या पदकासाठी कायदा, ही कल्पना मराठी वाचकाला जरा विचित्र वाटेल.)

काय केलं

चौथी वाट धरली. तीत सर्वांत मोठा निर्णय क्रमाचा होता: आधी पुरावा की आधी विधेयक?

खासदार गाठून लगेच विधेयक टाकायचा मोह होणं साहजिक आहे. वर्तमानपत्रात बातमी येते, दबाव तयार होतो. पण पुराव्याविना आलेलं विधेयक समितीत जिरतं, आणि निवडणुकीनंतर नवी काँग्रेस बसली की सगळं पहिल्यापासून. शिवाय मेडल ऑफ ऑनरला लागणारा पुरावा साधा नाही. निदान दोन प्रत्यक्षदर्शींची शपथेवर निवेदनं हवीत आणि चुकीला किंवा शंकेला कसलाही वाव नको.

म्हणून आधी माणसं शोधली गेली. एकेका जुन्या सोबत्याला फोन, पत्र, भेट. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसांना बसवून ४ फेब्रुवारीची ती इमारत आणि ६ तारखेची ती भिंत पुन्हा आठवायला लावायची. कल्पना करा: 'गनी फार शूर होता' असं दहा जण लिहून देतात, आणि त्याचा उपयोग शून्य. भिंत किती उंच होती, तो कोणत्या बाजूने चढला, त्या वेळी गोळीबार कुठून चालू होता, तू स्वतः कुठे होतास, तुला हे कसं दिसलं, एवढं सांगता आलं तर निवेदन. शिवाय नुसतं नेव्ही क्रॉसच्या मानपत्रात आहे तेच पुन्हा लिहून चालत नव्हतं, कारण त्या मजकुरावर एकदा निर्णय झालेला होता. त्या वेळी न आलेल्या साक्षी हव्या होत्या.

या कामात दशकाहून जास्त काळ गेला. प्रस्ताव एकदा नव्हे, अनेकदा परत आला. परत येण्याची कारणं बहुधा कार्यपद्धतीची, कॅनलींनी काय केलं त्याबद्दलची नव्हेत. सरकारी कचेरीत त्रुटीचा शेरा मारून परत आलेली फाईल ज्याने हातात धरली आहे, त्याला हे वेगळं समजवायला नको. दर वेळी तो शिपाई त्रुटी भरून फाईल पुन्हा पाठवत राहिला.

कॅनली तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डला राहत होते. तिथल्या खासदार ज्युलिया ब्राउनली यांनी प्रकरण हाती घेतलं आणि खात्याकडून तपासणी करून घेतली. शेवटी संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस यांनी लेखी कळवलं की कॅनलींची कृती मेडल ऑफ ऑनरच्या योग्यतेची आहे. मॅटिस स्वतः मरीन कोअरचे निवृत्त जनरल.

आता उरलं कुलूप. ब्राउनली यांचं विधेयक २१ डिसेंबर २०१७ ला प्रतिनिधीगृहात मंजूर झालं, पाठोपाठ सिनेटमध्ये. २९ जानेवारी २०१८ ला त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. ह्युएच्या रस्त्यावरच्या पहिल्या चकमकीला पन्नास वर्षं व्हायला दोन दिवस बाकी होते. पुराव्याला दशकभर आणि कायद्याला काही आठवडे, असा हा हिशोब.

विधेयकाची भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे. 'कॅनली यांना पदक देण्यात येत आहे' असं ते म्हणत नाही. कायद्यातली कालमर्यादा बाजूला ठेवून, ३१ जानेवारी ते ६ फेब्रुवारी १९६८ या काळातल्या ज्या कृतींबद्दल मूळ नेव्ही क्रॉस दिला होता, त्याच कृतींबद्दल मेडल ऑफ ऑनर देण्याचा राष्ट्राध्यक्षांना 'अधिकार' देण्यात येत आहे, एवढंच. आज्ञा नाही, मुभा. शौर्याचा निर्णय संसदेने आपल्या हातात घेतला नाही, सैन्याकडे आणि राष्ट्राध्यक्षांकडे राहू दिला. तारखा आणि जुन्या पदकाचा उल्लेख यांमुळे पुढे कुणाला हाच कायदा भलत्याच घटनेसाठी ताणता येणार नव्हता.

निष्पत्ती

१७ ऑक्टोबर २०१८ ला व्हाइट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी कॅनलींच्या गळ्यात पदक घातलं. तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. हे पदक मिळवणारे ते तीनशेवे मरीन, आणि हयातीत ते मिळालेले पहिले कृष्णवर्णीय मरीन. एका कृतीबद्दल दोन पदकं ठेवता येत नाहीत, म्हणून नेव्ही क्रॉसची जागा मेडल ऑफ ऑनरने घेतली.

नौदलाने पुढे एका तरत्या तळाच्या जहाजाला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं. ११ मे २०२२ ला कॅनली वारले. जहाजाचा नामकरण सोहळा त्यानंतर सहा-सात आठवड्यांनी सॅन डिएगोत झाला. गोन्झालेस यांची विनाशिका आधीपासून पाण्यात होतीच. अल्फा कंपनीचे ते दोन सार्जंट आता एकाच नौदलाच्या यादीत आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं म्हणजे १९६८ मध्ये. कॅप्टन जखमी होऊन गेल्यावर शिफारस लिहायची जबाबदारी कुणाची, हे बटालियनने त्याच आठवड्यात ठरवायला हवं होतं. जखमी मरीन इस्पितळांत पडून होते, त्यांना सगळं लख्ख आठवत होतं. खाटेशेजारी बसून कुणी चार ओळी लिहून घेतल्या असत्या तर पुढची दशकभराची वणवण टळली असती. लढाई चालू असताना हे सुचत नाही, हे मान्य. पण लढाई मार्चमध्ये संपली आणि शिफारशीची मुदत तीन वर्षांची होती.

दुसरं, कार्यपद्धतीच्या त्रुटींबद्दल. एखाद्या खात्याला दहा-बारा वर्षांत तीच फाईल तीन-चारदा परत करावी लागत असेल, तर अर्जदाराला पहिल्याच वेळी सगळ्या त्रुटींची एकत्र यादी देणं अवघड नसतं. एकेक त्रुटी काढत राहिलं की दर फेरीला एखादा साक्षीदार कमी होतो. इथे वेळ फुकट नव्हता, त्याची किंमत साक्षीदारांच्या वयात मोजली जात होती.

तिसरा मुद्दा मोहीम चालवणाऱ्याचा, आणि इथे माझं मत जरा कडक आहे. खासदाराकडे जाण्याचा टप्पा आधी यायला हवा होता. ११३० खालची मागणी खासदाराकडूनच जावी लागते, आणि अशी मागणी आली की खात्याला निर्णय लेखी कळवावा लागतो. एकट्या माजी शिपायाने पाठवलेला अर्ज आणि खासदाराच्या पत्रासोबत गेलेला अर्ज यांना एकाच टेबलावर वेगवेगळी वागणूक मिळते. हे बरोबर नाही, पण असं आहे. पुरावा पुरेसा होईपर्यंत विधेयक न टाकण्याचा निर्णय मात्र अचूक होता. तो क्रम बदलला असता तर मॅटिस यांच्या पत्राशिवाय विधेयक समितीत गेलं असतं आणि तिथेच राहिलं असतं, अशी मला खात्री वाटते.

चौथं, मुदतीचा कायदाच बदलावा का? सरसकट मुदत काढून टाकावी असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. पण खात्याने गुणवत्तेवर होकार दिला असेल आणि संरक्षणमंत्र्यांनी लेखी दुजोरा दिला असेल, तर एकेका माणसासाठी वेगळा कायदा करण्याऐवजी काँग्रेसला फक्त सूचना देऊन ठरावीक दिवस थांबणं पुरेसं व्हावं. कॅनलींच्या कायद्यानंतर जवळजवळ तीन वर्षांनी इराक युद्धातले सार्जंट आल्विन कॅश यांच्यासाठी पुन्हा तसाच एका माणसाचा कायदा करावा लागला. २००५ मध्ये पेटत्या वाहनातून सोबत्यांना बाहेर काढताना ते भाजले आणि त्या जखमांनी गेले. कायद्यावर सही डिसेंबर २०२० मध्ये झाली. पदक डिसेंबर २०२१ मध्ये दिलं गेलं आणि ते त्यांच्या पत्नीने स्वीकारलं.